दुपट्याला लागलेला वास

रेश्मा,

लग्नानंतर पाचव्या दिवशी मी पाटणच्या स्टँडवर मुंबईच्या एसटीत बसले, तेव्हा तू अण्णांच्या मागे तोंड लपवून रडत होतीस आणि मला तुझा राग आला होता. जायचं मी आणि हुंदके तुझे! आईनं खिडकीतून भाकरीचं गाठोडं आत दिलं, माझा हात दाबला आणि म्हणाली, "आता तिकडंच घर तुझं. बरं चाललंय म्हनायचं. फोनवर रडगानं नको. तुझ्या बापाला मग झोप लागत न्हाय." गाडी हलली. शेजारी संतोष होता, ओळख पाच दिवसांची. त्यानं मला खिडकीकडची जागा दिली होती, एवढंच मला त्याच्याबद्दल तेव्हा चांगलं वाटलं होतं.

सहा वर्षं मी आईचं ऐकलं. आज ऐकणार नाही.

परवा आईचा फोन आला. तुझं जमलं, मुलगा चांगल्या नोकरीला आहे, त्याचा फ्लॅट आमच्या बिल्डिंगपासून चालत दहा मिनिटांवर आहे. "ताईसारखंच हिचंबी चांगलं झालं," असं ती म्हणाली. मी "हो का, वा" म्हटलं, फोन ठेवला आणि हातातलं पातेलं सिंकमध्ये असं आपटलं की शेजारी खेळणारी ईरा दचकून रडायला लागली. राग कुणावर काढू ते कळेना. आईनं काय चूक केली? तिला मी जे दाखवलं तेच तिनं पाहिलं. सातव्या मजल्याच्या बाल्कनीतून दिसणारा डोंगर, दिवाळीतली रोषणाई, नवीन सोफा, हसणारे आम्ही दोघं. फोटोला वास नसतो, रेश्मा. त्याचा फायदा मी सहा वर्षं घेतला.

तुम्ही सगळे 'ताई पनवेलला असते' असं सांगता. पनवेल म्हणजे स्टँड, बाजार, कपड्यांची दुकानं. आम्ही तिथून रिक्षानं बरंच आत, तळोज्याला. इकडे नव्या उंच इमारती, पलीकडे कारखाने, आणि या दोन्हींच्या मधे चेपलेली जुनी गावं. आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका पहाटे मला वासानंच जाग आली. मला वाटलं गॅस गळतोय. धावत जाऊन शेगडी बघितली, सिलिंडर बघितला. कुजलेला लसूण आणि वॉर्निश एकत्र उकळल्यासारखा वास होता तो. संतोषनं डोक्यावरचं पांघरूणही काढलं नाही. "कंपन्यांचा आहे. होईल सवय," असं म्हणाला. तो स्वतः तिथल्याच एका कारखान्यात ऑपरेटर. त्याच्या नाकाला तो वास म्हणजे कामाची जागा.

सवय झाली नाही. झाल्याचं दाखवायला मात्र मी शिकले. खिडक्या संध्याकाळीच लावायच्या, कपडे आतल्या खोलीत वाळत घालायचे, पाहुणे यायचे असतील तर दुपारी बोलवायचे. आई-अण्णा एकदाच आले होते, आठवतंय ना, रविवारी येऊन सोमवारी दुपारी गेले. सोमवारच्या पहाटे नेमका वारा दुसरीकडे होता. मी देवाला हात जोडले. आज त्याची लाज वाटते. खोटं टिकावं म्हणून देवाला साकडं घातलं मी.

मग ईराची चाहूल लागली. चौथ्या महिन्यात मला कोंडल्यासारखं होतंय म्हणून संतोष मला कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात घेऊन गेला. झाडाखाली बसून मी इतका मोठा श्वास घेतला की मला चक्कर आली. तिथे पहिल्यांदा मी धनेश बघितला, ती पिवळी जाड चोच, डोक्यावर जणू दुसरी चोच. येताना पनवेलच्या बाजारात उतरून मी लोकर घेतली. दुकानदारानं बाळासाठीची मऊ लोकर काढून दाखवली आणि विचारलं, "गुलाबी देऊ का निळी?" मी म्हटलं, "साईसारखा रंग द्या. आणि तपकिरी, काळा, पिवळा, राखाडी, हिरवा." तो म्हणाला, "ताई, दुपटं विणताय का जंगल?"

जंगलच विणायचं होतं मला. मोबाइलवर बघितले होते प्राण्यांचे नमुने, सगळीकडे जिराफ, पांडा आणि ते झाडाला मिठी मारून झोपणारं अस्वलासारखं काहीतरी. माझ्या मुलीनं त्यांना ओळखावं आणि अण्णांच्या रानातलं काही ओळखू नये, हे मला पटेना. बारा चौकोन ठरवले. शेकरू, गवा, भेकर, साळिंदर, मोर, ससा, आपली म्हैस, ओढ्यातला खेकडा, घुबड, वानर, मुंगूस, आणि बारावा कर्नाळ्याचा धनेश. आईनं आपल्याला टीव्हीवरच्या रुमालासाठी क्रोशा शिकवला तेव्हा तू चार साखळ्या घालून पळून जायचीस आणि मी उसवून उसवून बसायचे. ते उसवणं कामाला आलं. शेकरूची शेपटी तीनदा उसवली. गवा विणला तर तो म्हशीसारखा दिसायला लागला, दोन म्हशी झाल्या. मग अण्णांचं बोलणं आठवलं, की गव्यानं पांढरे मोजे घातलेले असतात. गुडघ्याखाली पांढरी लोकर लावली आणि तो एकदम गवा झाला. मी एकटीच हसत बसले होते.

दुपारभर विणायचे. संतोष कामावरून आला की चौकोन उचलून बघायचा, "हे काय, उंदीर?" "मुंगूस आहे ते!" खूप चांगले महिने होते ते, हेही मला सांगायचंय. सगळंच वाईट होतं असं लिहिलं तर तेही एक खोटंच होईल.

सातव्या महिन्यात चौकोन एकमेकांना जोडले, कडेनं खांबांची, म्हणजे उभ्या टाक्यांची ओळ घातली, दुपटं कोमट पाण्यात हलक्या हातानं धुतलं आणि जाड लोकर लवकर वाळावी म्हणून बाल्कनीत घातलं. ऊन होतं, संध्याकाळी आत घ्यायचं विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी उचललं तर साईच्या रंगावर बारीक करडे ठिपके आणि नाकाशी नेलं तर तोच वास. लोकरीत शिरलेला. पुन्हा धुतलं, रिठ्यानं धुतलं, पंख्याखाली वाळवलं. थोडा कमी झाला. गेला नाही. गव्याच्या अंगावर नाक ठेवलं की कारखाना.

तेव्हा मी रडले नाही. मला संताप आला. माझ्या नाकाला, माझ्या केसांना वास लागला तर मी सोसलं होतं. पण हे अजून जन्माला न आलेल्या जिवाचं होतं, आणि तो येण्याआधीच कुणीतरी त्यावर हात पुसून गेलं होतं.

बाळंतपणाला घरी आले तेव्हा आईनं माझी बॅग उघडली. तू तिथेच होतीस. आईनं दुपटं उलगडलं, शेकरू बघून "अगं बया!" म्हणाली, मग सवयीनं ते नाकाशी नेलं आणि तिचा चेहरा बदलला. "आगं, ह्याला कसला औषधाचा वास?"

"नव्या लोकरीला येतो तसा," मी म्हटलं.

रेश्मा, आजवर मी बोललेल्या सगळ्या खोट्यांत हे सगळ्यात वाईट. तिनं ते शिकेकाईनं धुतलं, कुंपणावर चार दिवस उन्हात टाकलं आणि वास खरोखर गेला. तिला वाटलं नवेपणा गेला. ईरा त्या दुपट्यात तीन महिने तुमच्याकडे झोपली आणि एकदासुद्धा शिंकली नाही.

तळोज्याला परत आल्यावर दीड महिन्यात तिला खोकला लागला. आधी सर्दी म्हणाले, मग कफ म्हणाले. सहाव्या महिन्यात तिच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. त्या इवल्या तोंडावर मास्क धरून वाफ द्यायची, ती डोळे फाडून माझ्याकडे बघायची, जणू मीच तिला काहीतरी करते आहे. डॉक्टरांनी तपासलं, कुठे राहता ते विचारलं, आणि चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, "जमलं तर हवा बदला." हवा बदला! पडदे बदला म्हणाल्यासारखं. मी म्हटलं, "डॉक्टर, ज्यांनी बिघडवली त्यांना सांगा ना बदलायला." ते कसंनुसं हसले. त्यांच्या दाराबाहेर तशीच सात-आठ पोरं मांडीवर घेऊन आया बसल्या होत्या.

त्याच बायकांपासून सुरुवात झाली. आम्ही नंबर घेतले एकमेकींचे. आमच्या बिल्डिंगच्या खालीच जनाबाय बसते भाजी घेऊन, इथल्या मूळच्या गावची. तिच्या सासऱ्यांची शेती आमच्या पार्किंगच्या जागेवर होती म्हणे. मी तिला सांगितलं, वासाचा अर्ज द्यायचाय, येता का? ती खदाखदा हसली. "पोरी, तुला आता वास आला? आमाला किती वर्सां झाली! नदीत मासली नाय, वालाला चव नाय. आमी बोललो तवा कोन नाय आला. आता बिल्डिंगवाल्यांच्या नाकात गेला तवा अर्ज?" मला फार लागलं ते, कारण खरं होतं. तिनं भेंडी तोलून माझ्या पिशवीत टाकली आणि विचारलं, "कदी जायचा हाय?"

अशा चौदाजणी एका सोमवारी प्रदूषणाच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी कार्यालयात गेलो. कुठलं ते लिहीत नाही. साहेबांनी अर्ज वाचला, माझं नाव वाचलं, आधार कार्ड उलटून बघितलं आणि विचारलं, "मूळच्या कुठल्या तुम्ही?"

"पाटणच्या."

"मग बरोबर. डोंगराकडच्या माणसाला इथली हवा सुरुवातीला जडच जाते. आणि पत्ताही तुमचा तिकडचाच आहे. इथे काय, भाड्यानं राहता?"

"स्वतःच्या घरात राहतो. सहा वर्षं."

"असं का," म्हणून त्यांनी अर्ज बाजूला सरकवला.

मी दुपटं नेलं होतं. आदल्या तीन पहाटे मुद्दाम बाल्कनीत ठेवलं होतं आणि प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आणलं होतं. पिशवी सोडली आणि ते त्यांच्या टेबलावर, फायलींवर पसरलं. "वास घ्या साहेब. हे डोंगराकडचं नाही, तुमच्या हद्दीत वाळलेलं आहे." त्यांनी खुर्ची मागे ओढली. "बाई, असा नमुना आम्हाला चालत नाही. ह्याला पद्धत असते." मी म्हटलं, "माझी मुलगी ह्यातच झोपते. तिला कुठे पद्धत विचारलीत?" माझा आवाज इतका चढला होता की बाहेरची माणसं दारात येऊन थांबली. पलीकडच्या टेबलावरची एक बाई उठली, क्लार्क असावी. तिनं दुपट्याचा कोपरा उचलला, नाकाशी नेला आणि साहेबांकडे न बघता म्हणाली, "येतोय. आमच्याकडेही येतो." मग खाली बसून तिनं आमच्या अर्जावर शिक्का मारला, क्रमांक घातला आणि पोच माझ्या हातात दिली. तिचं नाव मला माहीत नाही. तिला काही ऐकून घ्यावं लागलं का, तेही माहीत नाही.

तपासणी झाली. भर दुपारी बारा वाजता. वारा खाडीकडून येत होता, चिमणीतून साधा धूरसुद्धा नाही. 'दुर्गंधी आढळली नाही', असं कागदावर आलं.

आणि चार दिवसांनी संतोष घरी आला तो बूट न काढता सोफ्यावर बसला. त्याच्या सुपरवायझरनं त्याला बोलावलं होतं. कार्यालयातला कुणीतरी काढलेला व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचला होता. "तुझ्या बायकोला आवर म्हणाले," संतोष म्हणाला. "ज्योती, मी त्याच धुरावर जगतो. तुला कळत कसं नाही?"

"आणि ती?" मी ईराकडे बोट दाखवलं. "ती कशावर जगते?"

खूप भांडलो आम्ही. न बोलायचं ते दोघंही बोललो. मी त्याला म्हटलं, तुला तुझ्या मुलीपेक्षा मशीन जवळची. तो म्हणाला, तुझं लग्न माझ्या फ्लॅटशी लावलं होतं, तेव्हा कुठे गेलं होतं नाक? दुसऱ्याच दिवशी मी ईराला घेऊन तुमच्याकडे आले. 'सहज आले दोन महिने' असं सांगितलं. तू म्हणालीस, ताई, किती वाळलीस. ईराची शिट्टी, जिला मी तुमच्यासमोर सर्दी म्हणाले होते, नवव्या दिवशी थांबली. मी दिवस मोजले होते.

त्या दोन महिन्यांत मला काय झालं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मला बरं वाटायला हवं होतं. हवा होती, आई होती, ईरा म्हशीच्या अंगावर हात ठेवून हसत होती. आणि मी सारखी फोन बघत होते. तळोज्याच्या बायका ग्रुपवर लिहीत होत्या, आज पाच वाजता आला, आज सकाळी फार होता, अमकीच्या मुलाला दवाखान्यात नेलं. मी अंगणात बसून वाचायचे आणि माझं डोकं फिरायचं. इथे चांगला श्वास घेणं ही चोरी वाटायला लागली. आणि संतोषचा रोज एकच मेसेज यायचा, 'ईरा कशी आहे'. मीही एकच शब्द पाठवायचे, 'बरी'.

एक दिवस त्यानं फोटो पाठवला. आमच्या स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर. प्रत्येक चौकटीत त्याच्या अक्षरात वेळ. पहाटे चार पन्नास. पाच दहा. आज नाही. पाच. खाली लिहिलं होतं, 'टाकीतला गॅस कधी सोडतात ते मला माहीत आहे. तपासणी बाराला नाही, पाचला मागा. माझी सही घे.'

मी परत आले. दुसऱ्या अर्जावर त्यानं खरोखर सही केली, पूर्ण नावानं. त्याला मशीनवरून काढून माल चढवायच्या कामाला लावलंय. पाठ धरते त्याची. ह्याबद्दल तो माझ्याशी बोलत नाही आणि मी विचारत नाही. पहाटेची तपासणी झाली, कारखान्याला नोटीस गेली, त्यांनी काहीतरी नवं बसवलं म्हणतात. वास आता रोज येत नाही, आठवड्यातून दोनदा-तीनदा येतो. ईराचा श्वासाचा पंप अजून पर्समध्ये असतो. हा विजय आहे असं कुणी मला सांगितलं तर मी त्याच्या अंगावर धावून जाईन. श्वास घ्यायला मिळावा म्हणून एका माणसाची पाठ गेली, याला काय म्हणतात?

काल मी आईला फोन करून सगळं सांगितलं. लोकरीचं खोटंही. ती चिडली, खूप चिडली, "मी काय परकी होते व्हय गं? मी रडगानं नको म्हनले, खोटं बोल न्हाय म्हनले!" आणि शेवटी म्हणाली, "परत या सगळी. गोठ्याशेजारची खोली रिकामी हाय." त्या क्षणी मला कळलं की मी नाही येणार. का, ते मी तिला सांगू शकले नाही.

तुला मी लग्न मोड म्हणत नाही. मुलगा चांगला असेल. पण घर बघायला बोलावतील ते रविवारी अकरा वाजता बोलावतील, तेव्हा जाऊ नकोस. आदल्या दिवशी माझ्याकडे ये आणि पहाटे पाचला जाऊन त्या बिल्डिंगखाली उभी राहा. मुलालाही सोबत घे. तो नाक दाबतो, की 'होईल सवय' म्हणतो, ते बघ. मग ठरव.

आज सकाळी आधारवरचा पत्ता बदलायला गेले होते. जनाबायलाही तिथे काही काम होतं, ती शेजारी बसली होती. 'कायमचा पत्ता' अशी चौकट आली. सहा वर्षं प्रत्येक फॉर्मवर त्या चौकटीत मी अण्णांच्या घराचा पत्ता लिहीत आले, कधी विचारसुद्धा केला नाही. आज माझं पेन थांबलं. मग मी फ्लॅट नंबर लिहिला, बिल्डिंगचं ते इंग्रजी भपक्याचं नाव लिहायला घेतलं. जनाबायला वाचता येत नाही, पण तिनं विचारलं, "काय लिवतेस?" मी वाचून दाखवलं. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"पयलं आमच्या गावाचा नाव लिव," ती म्हणाली. "बिल्डिंग मंग."

मी लिहिलेलं खोडलं आणि तिच्या गावाचं नाव लिहिलं.

तुझी,
ताई